दहा सेकंदांचं नाटक

पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात सूचना होती : ‘नाटक चालू असताना प्रेक्षकांनी गप्प बसू नये.’ मुलांच्या शिबिरांची पत्रकं घरी ढिगाने येतात. सुंदर हस्ताक्षर, अभिनय, व्यक्तिमत्त्व विकास, शेवटी अल्पोपाहार. अशी सूचना मात्र कधी वाचली नव्हती. विषय होता शाळेतली दादागिरी. म्हणून खुटबावची गाडी धरली.

यवत मागे पडलं की रुळाच्या दोन्ही अंगांना ऊस लागतो, आणि खुटबावला उतरलं की गुऱ्हाळाचा वास येतो. वर काहिलीत रस उकळतोय, खाली चुलाणात चिपाड. कुणी कुणी चिपाडाबरोबर आणखी काय काय लोटतात, त्यामुळे त्या गोड वासात मध्येच जळक्या रबराचा भपकारा मिसळतो. हा वास कपड्यांत बसतो. तासाभरात माझ्या ओढणीला यायला लागला. गुऱ्हाळाच्या आवारातच ज्यांचं बिऱ्हाड असतं, त्यांच्या पोरांच्या दप्तरालाही तो असतो.

देवळाच्या सभामंडपात आसपासच्या गावांतली सातवी ते नववीची पोरं जमली होती. शिबीर घेणाऱ्या ताई पुण्याहून येतात. आवाज बसलेला, गळ्यात शिट्टी, पायात सपाता. ओळख, गोलात टाळ्या, डोळे मिटून चालणं हे सगळं नेहमीसारखं झालं. आदल्या दिवशी प्रत्येकाने स्वतः पाहिलेला एक प्रसंग चिठ्ठीवर लिहून दिला होता, नाव न घालता. ताईंनी त्या चिठ्ठ्या रात्री बसून स्वतःच्या अक्षरात पुन्हा लिहून काढल्या, नावं-गावं बदलून. गावात अक्षरावरून माणूस ओळखतात. शाळेतली कुलूपबंद तक्रारपेटी रिकामी का राहते, याचं निम्मं उत्तर तिथेच आहे. उरलेलं निम्मं म्हणजे, पेटीपाशी उभं राहिलेलं पोर अख्ख्या व्हरांड्याला दिसतं.

निघालेल्या चिठ्ठीवरचा प्रसंग असा. मुलगा वर्गात येतो. मागच्या बाकावरचा एक जण दोन बोटांनी नाक दाबतो. बोलत काहीच नाही. मग त्याच्या शेजारचा दाबतो, मग पुढचा बाक, मग सगळा वर्ग. मुलगा जागेवर जाऊन दप्तरात काहीतरी शोधत राहतो. संपलं. मारहाण नाही, शिवी नाही. सरांकडे गेलाच, तर सांगणार काय? नाक दाबलं म्हणून?

पोरांनी हे पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा बघणारी खदाखदा हसली. ताईंनी हसू दिलं. मग म्हणाल्या, “आता परत तेच. ज्याला वाटेल त्याने हात वर करायचा, आत यायचं आणि वर्गातल्या कुणाचीही जागा घ्यायची. नाक दाबणाऱ्याची सोडून.”

ही रीत ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांची. १९७३ साली पेरूमध्ये त्यांच्या प्रयोगाला आलेली एक बाई नटाला सारखी सांगत होती, असं कर, तसं कर. नटाला काही तिच्या मनासारखं जमेना. शेवटी ती स्वतःच वर चढली आणि करून मोकळी झाली. बोआल यांनी त्या बाईचं ऐकलं, हे त्यांचं मोठेपण. बंगालात ‘जन संस्कृती’ १९८५ पासून खेड्यापाड्यांत असंच नाटक करते. आपल्याकडे डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनचं ग्रिप्स १९८६ मध्ये पुण्यात आणलं. त्यात मोठे नट मुलांच्या भूमिका करतात आणि नाटक मुलांची बाजू घेतं. पण ग्रिप्सचा शेवट लिहिलेला असतो, खुटबावात तो कुणीच लिहिलेला नव्हता. मला हे फार बरं वाटलं. स्नेहसंमेलनातली संदेशवाली पथनाट्यं पाहून मी विटले आहे. शेवटच्या दोन मिनिटांत दादा रडतो, सगळे हात धरतात, टाळ्या.

पहिला आत आला तो थोराड अंगाचा मुलगा. त्याने सरळ नाक दाबणाऱ्याची कॉलर धरली. शिट्टी वाजली. “मारायचं नाही.” “मग काय करायचं ताई, पूजा?” दुसरा म्हणाला, “सरांना सांगतो.” त्यावर नाक दाबणाऱ्याचं काम करणारा पोरगा अगदी शांतपणे म्हणाला, “सांग की. सुटल्यावर कालव्यावरनंच जातोस ना?” मंडपात हशा उसळला. यात नाटक कमी आणि माहिती जास्त होती.

मग दोन वेण्या घातलेली, तोवर एकदाही न बोललेली मुलगी उठली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली. मुलगा आत आला, मागच्याचा हात नाकाशी गेला, तेवढ्यात ती मागे वळून म्हणाली, “ए, तुझी सायकल पडली बघ बाहेर.” झालं. पोराचा हात नाकावरून खाली आला, मान दाराकडे वळली. नाटकातही वळली! बाकीची बोटं नाकापर्यंत पोहोचलीच नाहीत. ताईंनी शिट्टी दिली आणि विचारलं, “किती वेळ लागला?”

दहा सेकंदही नाही.

हा आकडा ताईंच्या तोंडात सारखा असतो. चहा पिताना त्यांनी त्याची कुळकथा सांगितली. कॅनडातल्या संशोधकांनी शाळांच्या मैदानांवर मुलांना कॅमेरा आणि माइक लावून टिपलं. त्यांचा निबंध २००१ सालचा. त्रास देण्याच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, मध्ये पडली ती फक्त १९ टक्के प्रसंगांत. पण पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबला. “दहा सेकंद हो,” ताई म्हणाल्या आणि बिस्कीट चहात बुडवलं.

माझ्या मनातली शंका जाईना. कॅनडाच्या मैदानावर दोन मुलं ही दोन मुलं असतील. इथे एकाच्या घरचं गुऱ्हाळ आणि दुसऱ्याचा बाप त्याच काहिलीवर, असंही असू शकतं. तिथे दहा सेकंदांनी काय होणार? मी तसं बोलून दाखवलं. ताई म्हणाल्या, “मालकाचा पोरगा असू दे. बाकीची पंचवीस तर मालकाची नाहीत ना?” मंडपाच्या कडेला उभे असलेले एक गृहस्थ मध्येच म्हणाले, आमच्या वेळी असली थेरं नव्हती, चार टोले खाल्ले की पोरगं तयार व्हायचं. तयार म्हणजे कशाला, हे त्यांना विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं.

चहानंतर नाट्यछटा. हा तर आपलाच प्रकार. दिवाकरांनी, पुण्यातल्या एका शाळामास्तरांनी, १९११ च्या सुमारास सुरू केलेला. बोलतं एकच पात्र, समोरच्याचं बोलणं आपण ताडायचं. ताईंनी मुलांना त्रास देणाऱ्याच्या तोंडून बोलायला लावलं. एका किरकोळ पोराने वर्गमित्राच्या फोटोचं स्टिकर करून ग्रुपवर टाकणारा उभा केला : “अरे गंमत केली! ...काय? रडतोस? ...बरं, काढतो. ...आता नाही निघत, सगळ्यांनी सेव्ह केलंय.” बोलताना तो हातातल्या नसलेल्या मोबाइलवर अंगठा फिरवत होता आणि एकदाही मान वर करत नव्हता. छळणाऱ्याचा असा बारकावा मला लिहायला जमला नसता. या पोराने तो समोरून पाहिला असणार.

जायच्या आधी सायकलीवरून वाद पेटला. सायकल पडलीच नव्हती, मग खोटं बोललेलं चालतं का? नाक दाबणाऱ्याची हरकत वेगळी होती. “उद्या मी बघणारच नाय. एकदा फसलो ना.” मुद्दा बिनतोड. ताईंनी खोटं न बोलता काय करता येईल ते शोधायला सांगितलं. ‘ए, गणिताची वही दे.’ ‘तुझ्याजवळ बसू का?’ ‘केडगावची एसटी आली का रे?’ एक जण म्हणाला, आपण नाकच दाबायचं नाही, नुसतं बसायचं. हे काही करणं झालं का, यावर पुन्हा कालवा.

करून बघितलं. मागच्याने नाक दाबलं, बाकी कुणीच नाही. तो इकडेतिकडे बघतोय, नाक धरलेलंच. एकट्याने नाक धरून बसणं अवघड असतं, श्वास घ्यावाच लागतो. शेवटी सोडलं.

“चौदा,” वेण्यावाली घड्याळात बघून म्हणाली. “दहात नाही बसलं. परत करू.”