गर्भपिशवी आणि खाडा

वैद्यकशास्त्र बाईच्या जननसंस्थेसाठी दोन शाखा सांगते. गरोदरपण व बाळंतपण पाहते ते प्रसूतिशास्त्र. गर्भाशय, बीजांडकोश, पाळी यांचे विकार पाहते ते स्त्रीरोगशास्त्र. पुस्तकात ही विभागणी निर्मळ दिसते. इतिहास तितका निर्मळ नाही.

अमेरिकेत ज्याला या शास्त्राचा जनक म्हटले गेले, त्या जे. मॅरियन सिम्सने १८४५ ते १८४९ या काळात अलाबामातील माँटगोमेरी येथे काळ्या गुलाम स्त्रियांवर प्रयोग केले. अडलेल्या बाळंतपणानंतर मूत्राशयाला छिद्र पडून लघवी सतत गळत राहते. ते छिद्र शिवायची रीत त्याने बसवली. एकट्या अनार्कावर तीसच्या आसपास शस्त्रक्रिया झाल्या, त्याही भूल न देता. संमती द्यायची ती मालकाने. मालकाला बाई बरी हवी होती ती कामासाठी. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्सचा पुतळा २०१८ साली हलवला गेला.

हे दूरचे वाटत असेल तर बीड जिल्ह्यात यावे. ऊसतोडणीत नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. एक दिवस पडून राहिले की खाडा, म्हणजे दंड. फडात पाणी नाही, आडोसा नाही. मग अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे आलेच. हा बहुधा जंतुसंसर्ग असतो आणि औषधाने बरा होतो. पण बाईला कॅन्सरचे भय घातले जाते, आणि पाळीच गेली तर खाडाही जाईल हा हिशेब घरात आधीच मांडलेला असतो. २०१९ साली शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचे प्रमाण शंभरात तीनच्या थोडे वर होते. (याला कोणी बायकांचे अज्ञान म्हणेल. पण कर्ज काढून ऑपरेशन करायला लावणारी व्यवस्था अज्ञानी नाही.)

पिशवी काढण्याची खरी कारणे मोजकी आहेत: कर्करोग, मोठ्या गाठी, औषधाला न जुमानणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणे. सोबत बीजांडकोशही काढले तर इस्ट्रोजेन एकदम तुटते. अंगातून वाफा निघतात, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. ते ठेवले तरी त्यांचे काम लवकर थंडावू शकते. तिशीतली बाई मग मोळी उचलायची कशी?

२०१९ सालीच बीडमधील खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकाची परवानगी सक्तीची करण्यात आली. पण बाई दवाखान्यात पोचते तेव्हा तिच्याबरोबर कोणी जाणते असले पाहिजे. कार्यकर्त्याने विचारावे: सोनोग्राफी झाली का? गर्भाशयमुखाची तपासणी झाली का? गोळ्या देऊन पाहिल्या का? बीजांडकोश ठेवणार की काढणार? आणि कागद डॉक्टरच्या टेबलावर न ठेवता बाईच्या पिशवीत घालून आणावेत.