डेटाबेस बिघडला तर कोणास विचारावें?

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या शाळेच्या कचेरीच्या दारांत जुना दाखला मागणारांची जी रीघ लागली, ती आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिलीच आहे. कोणी धर्माबादेहून आगगाडीनें येतो, कोणी भोकरच्या बाजूच्या खेड्यांतून एस. टी.नें. सप्टेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्र सरकारनें निवृत्त न्यायमूर्ति संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली, आणि मराठवाड्यांतील निजामकालीन कागदपत्रांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्या शोधांत शाळांच्या प्रवेश-निर्गमाच्या नोंदवह्याहि आल्या. तेव्हांपासून आजोबांच्या नांवापुढें काय लिहिलें आहे हें पाहण्यासाठीं नातवंडें शाळेच्या पायऱ्या चढूं लागलीं.

त्या निमित्तानें आमच्या ध्यानांत एक विलक्षण गोष्ट आली. उर्दूंत लिहिलेली, कसर लागलेली, पण शिवण शाबूत असलेली जुनी वही आम्हीं कपाटांतून काढली. उर्दू जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांस बोलाविलें, आणि अर्ध्या तासांत नोंद वाचून झाली. उलट २००१ सालच्या सुमारास मोठ्या हौसेनें आम्हीं संगणकांत भरलेलें रजिस्टर कांहीं केल्या उघडेना. तें भरण्यांत दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या खर्ची पडल्या होत्या. मग आम्हीं ज्या कंपनीचें सॉफ्टवेअर होतें तिच्या मदतकेंद्रास फोन केला. कंपनीचें नांव येथें देत नाहीं, कारण दोष तिचा नव्हता. पलीकडील मुलीनें अत्यंत सौजन्यानें विचारलें, "सर, आपली आवृत्ति कोणती? फाइल कोणीं तयार करून दिली? बॅकअप आहे का?" या तिन्ही प्रश्नांचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. "सर, सॉफ्टवेअर आमचें आहे, पण ही फाइल आम्हीं बनविलेली नाहीं," असें ती म्हणाली, आणि त्या वेळीं आम्हांस तिचा थोडा रागहि आला. पुढें विचार करितां तिचें म्हणणें बरोबर असल्याचें दिसून आलें. ज्यास 'टेक्निकल सपोर्ट' म्हणतात त्यांत काय येतें व काय येत नाहीं, हें आम्हीं त्यानंतर समजून घेतलें. त्याचाच हा वृत्तांत.

डेटाबेस म्हणजे रकाने आखलेली नोंदवहीच. मात्र तींतील हवी ती ओळ क्षणांत शोधून काढतां येते व एका वहीचा दुसऱ्या वहीशीं संबंध जोडतां येतो. रेल्वेच्या आरक्षणाचा किंवा मोठ्या बँकेचा डेटाबेस दूरच्या मोठ्या यंत्रावर असतो व त्याची राखण पगारी माणसें करितात. टेबलावरच्या संगणकांतील डेटाबेस तसा नव्हे. तो बहुधा एका फाइलींत मावतो, आणि त्याची राखण करणारा म्हणजे कचेरींतील एखादा कारकून किंवा आमच्यासारखा शिक्षक. अ‍ॅश्टन-टेट कंपनीचा डीबेस, पुढें फॉक्सप्रो, आणि नोव्हेंबर १९९२ मध्यें निघालेला मायक्रोसॉफ्टचा अ‍ॅक्सेस, हे या जातीचे प्रसिद्ध नमुने होत. आपल्याकडील पतसंस्था, कारखाने, दवाखाने, शाळा यांच्या कचेऱ्यांत यांचा पुष्कळ प्रसार झाला.

आतां कंपनी कशाची हमी घेते? सॉफ्टवेअर संगणकावर नीट बसावें, परवान्याचा क्रमांक स्वीकारला जावा, मार्गदर्शक पुस्तकांत लिहिल्याप्रमाणें प्रत्येक आज्ञेचें फळ मिळावें. आणि न मिळाल्यास, चूक सॉफ्टवेअरची असल्यास, ती दुरुस्त करून अपडेट पाठवावा. एवढें तिचें क्षेत्र. त्या सॉफ्टवेअरांत आपण जीं कोष्टकें आखलीं, जे फॉर्म रचले, जो मॅक्रो कोणाकडून लिहवून घेतला, तें सर्व आपलें. तिफण मोडली तर सुतार ती नीट करून देतो. चाड्यांत कोणतें बी पडलें आणि तास वांकडें कां गेलें, याचा जाब कोणी सुतारास विचारीत नाहीं. आमचा कार्यक्रम नांदेडच्या एका होतकरू तरुणानें करून दिला होता. त्यानें आपल्या रचनेस पासवर्ड घातला, कांहीं वर्षांनीं तो पुण्यास नोकरीस गेला, आणि आम्हीं त्याच्याकडून एक चिठ्ठीदेखील लिहून घेतली नव्हती.

कांहीं वेळां ज्यास आपण बिघाड समजतों ती केवळ मर्यादा असते. अ‍ॅक्सेसच्या एका कोष्टकांत २५५ पेक्षां अधिक रकाने बसत नाहींत, व एक फाइल २ गीगाबाइटपेक्षां मोठी होऊं शकत नाहीं. आमच्या एका सहकाऱ्यांनीं प्रत्येक परीक्षेच्या प्रत्येक विषयास वेगळा रकाना देण्याचा सपाटा चालविला आणि एके दिवशीं सॉफ्टवेअर रुसलें. येथें दुरुस्ती मागणें व्यर्थ. गुण रकान्यांत न वाढवितां ओळींत वाढवावे, हें शिकून घेणें हाच उपाय होता. असे 'कसें करावें' या स्वरूपाचे प्रश्न कांहीं कंपन्या उत्तरितात, कांहीं वेगळी फी घेतात, आणि कांहीं सरळ पुस्तकाकडे बोट दाखवितात.

सर्वांत कडू भाग म्हणजे माहितीच्या नाशाचा. एका फाइलींतील डेटाबेस दोन-तीन संगणकांवरून वापरला जातो, तेव्हां प्रत्येक संगणक त्याच फाइलींत स्वतः लिहीत असतो. लिहितां लिहितां वीज गेली, तार सुटली, किंवा कोणीं पेनड्राइव्ह ओढून घेतला, तर ओळ अर्धीच लिहिली जाते, आणि पुढच्या ओळी कोठें आहेत याची आंतली अनुक्रमणिकाच बिघडते. उमरीसारख्या ठिकाणीं वीज किती वेळां व किती अवेळीं जाते हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. अशा फाइलीसाठीं अ‍ॅक्सेसमध्यें 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' नांवाची आज्ञा आहे. ती फाइल नव्यानें रचून घेते व बऱ्याच वेळां गुणहि देते. परंतु ती चालविण्यापूर्वीं मूळ फाइलीची प्रत काढून ठेवावी लागते. बिघडलेला भाग दुरुस्तींत गळून जाण्याचा संभव असतो. मदतकेंद्रांतील मनुष्य ही आज्ञा कोठें आहे तें सांगेल, प्रत काढा असें बजावील. पण माहिती परत मिळेलच असें वचन देणार नाहीं. नांदेडच्या दुकानांशीं आपण जो वार्षिक देखभालीचा करार करितों, ज्यास सर्वजण ए. एम. सी. म्हणतात, तोहि सामान्यतः यंत्राचाच असतो. हार्ड डिस्क जळाली तर करारांत असल्यास डिस्क बदलून मिळते. तिच्यावरील नांवें मिळत नाहींत. करारावर सही करण्यापूर्वीं हें वाक्य त्यांत शोधून पाहावें.

मराठीचा म्हणून एक स्वतंत्र घोळ आहे, व त्यांत आमच्यासारखे अनेकजण फसले आहेत. संगणक अक्षरें ठेवीत नाहीं, अक्षरांचे क्रमांक ठेवितो. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं देवनागरीच्या क्रमांकांसाठीं १९९१ चें भारतीय मानक होतें खरें; पण व्यवहारांत जे फॉन्ट चालत त्यांपैकीं बहुतेक इंग्रजी अक्षरांच्या जागीं मराठी अक्षरांचे तुकडे बसवीत. पुण्याच्या सी-डॅकचें आय. एस. एम. किंवा श्रीलिपि यांवर ज्यांनीं काम केलें त्यांस हें आठवत असेल. अशा फाइलींत पडद्यावर 'विठ्ठल' दिसतें, पण आंत निरर्थक इंग्रजी अक्षरें असतात. फॉन्ट नाहींसा झाला कीं तींच अक्षरें वर येतात व पाहणारास वाटतें कीं फाइल नासली. दुसरी गंमत अशी कीं ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधीं काढली जाते, म्हणून ती आंतहि आधीं नोंदली जाई. नांवांची अकारविल्हे यादी मागावी तर विठ्ठल, किसन आणि शिवाजी हे तिघे वेलांटीच्या आश्रयानें एकत्र बसलेले सांपडत! डेटाबेसवाला म्हणतो, फॉन्ट माझा नव्हे. फॉन्टवाला म्हणतो, माझीं अक्षरें कागदावर स्वच्छ उमटतात. दोघेहि खोटें बोलत नाहींत. विंडोज २००० बरोबर मंगल हा युनिकोडचा फॉन्ट आला, अ‍ॅक्सेसच्या २००० च्या आवृत्तीपासून फाइलींत युनिकोड साठवूं लागलें, आणि त्यानंतर भरलेल्या माहितीस हा रोग नाहीं. जुनी माहिती बदलून देणारे कार्यक्रम मिळतात. तथापि जोडाक्षरांशीं त्यांची कधीं कधीं गांठ बसत नाहीं, आणि प्रत्येक नांव माणसानें वाचूनच घ्यावें लागतें.

मदतीस वयाचीहि मर्यादा असते, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या रिवाजांत पहिलीं पांच वर्षें पूर्ण मदत व पुढचीं पांच वर्षें केवळ सुरक्षिततेच्या दुरुस्त्या, असा साधारण हिशेब होता. फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ति २००४ मध्यें निघाली. पुढची निघणार नाहीं असें २००७ मध्यें जाहीर झालें. १३ जानेवारी २०१५ रोजीं तिची मदत बंद झाली. अ‍ॅक्सेसच्या २०१६ व २०१९ या आवृत्त्यांचा काळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. मुदत संपली म्हणून फाइल त्या रात्रीं बंद पडत नाहीं. ती दुसऱ्या दिवशींहि उघडते, आणि म्हणूनच आपण निश्चिंत राहतों. संकट पुढें येतें. १९९७ च्या अ‍ॅक्सेसची फाइल २०१३ व त्यापुढील आवृत्त्यांत उघडत नाहीं. ती प्रथम २०१० किंवा त्यापूर्वींच्या एखाद्या मधल्या आवृत्तींत उघडून नव्या प्रकारांत बदलून घ्यावी लागते. नदी ओलांडतांना मधला दगडच वाहून जावा, तसा प्रकार. मधली आवृत्ति असलेला संगणक आपण भंगारांत घातलेला असतो.

लिबरऑफिसचा बेस हा विनामूल्य डेटाबेसहि अलीकडे कांहीं शाळा वापरतात. तेथें फोन उचलणारी कंपनी नाहीं. २०१० मध्यें स्थापन झालेली डॉक्युमेंट फाउंडेशन ही संस्था त्या सॉफ्टवेअरची जोपासना करिते. वापरणारे एकमेकांस मदत करितात, आणि ज्यास निश्चित हमी हवी त्यानें पैसे देऊन जाणकार नेमावा. आमच्या मतें लहान शाळेस हा मार्ग वाईट नाहीं; मात्र शाळेंत निदान दोघांस तें काम अवगत असावें. एकट्याच्या भरवशावर राहून आम्ही एकदां पस्तावलों आहों.

विचारण्याचीहि एक रीत आहे. "संगणक चालत नाहीं" असें म्हणणारास कोणताहि वैद्य औषध देऊं शकणार नाहीं. पडद्यावर आलेला संदेश अक्षरशः उतरून घ्यावा, त्याचा क्रमांक असल्यास तोहि. सॉफ्टवेअरची व विंडोजची आवृत्ति लिहून ठेवावी. कोणती कळ दाबल्यावर तें घडलें आणि प्रत्येक वेळीं घडतें का, तें सांगावें. नमुना पाठविण्याची वेळ आल्यास खरी फाइल पाठवूं नये. रजिस्टरांत मुलांच्या जन्मतारखा, जाति, आधार क्रमांक असतात, आणि अशा वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठीं २०२३ मध्यें कायदाहि झाला आहे. कोष्टकाची रचना तशीच ठेवून चार-दोन काल्पनिक नांवें भरावीं व तेवढेंच पाठवावें. याच्या उलट, आपण न बोलावितां जो फोन येतो, "आम्ही कंपनींतून बोलतों, तुमच्या संगणकांत विषाणु आहे, अमुक कार्यक्रम उतरून घ्या," असें सांगतो, तो सपोर्ट नव्हे, ती चोरी होय. एक शब्दहि न बोलतां तो बंद करावा. आणि पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें.

आमच्या फाइलीचें पुढें काय झालें, असें वाचक विचारतील. शाळेचा एक माजी विद्यार्थी दिवाळींत गांवीं आला असतां त्याच्या घरच्या माळ्यावर एक जुना संगणक निघाला, व त्यांत ती मधली आवृत्ति शिल्लक होती. दोन दिवसांच्या खटपटीनें फाइल उघडली. रचनेचा पासवर्ड अजून लागलेला नाहीं. पण कोष्टकें हातीं आलीं. फॉन्ट मात्र सांपडेना, आणि रूपांतर करून पाहतां 'ज्ञानोबा' व 'लक्ष्मण' या नांवांची फार दुर्दशा झालेली दिसली. सध्यां नववीचे विद्यार्थी दर शनिवारीं शाळा सुटल्यावर कचेरींत बसतात. एकजण कागदी रजिस्टरांतील नांव मोठ्यानें वाचतो, दुसरा पडद्यावर तें दुरुस्त करितो, आणि कामाच्या अखेरीस फाइलीच्या दोन प्रति निघतात; एक शाळेच्या कपाटांत राहते, दुसरी मुख्याध्यापकांच्या घरीं जाते. हें लिहीपर्यंत ते 'म' या अक्षरापर्यंत आले होते.