पवई ते खारघर : एका उपचाराची साखळी

4 जून 2021. खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’मधल्या, म्हणजे टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रातल्या, अस्थिमज्जा प्रत्यारोपण विभागात एका रुग्णाला त्याच्याच पेशी शिरेतून परत दिल्या गेल्या. भारतात घडवलेल्या कार-टी उपचाराची ही सुरुवात होती.

हे औषध दुकानात तयार मिळत नाही. रुग्णाचं रक्त यंत्रातून फिरवून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यातल्या टी-पेशींमध्ये नवा जनुक घालतात, म्हणजे त्या सीडी-19 हे प्रथिन असलेली कर्कपेशी ओळखू लागतात. मग त्या वाढवून गोठवतात. पिशवी परत वॉर्डात आली की परिचारिका तिच्यावरची ओळख रुग्णाशी पुन्हा ताडून पाहते. दुसऱ्याची पिशवी इथे चालत नाही.

‘आयआयटीने औषध शोधलं’ ही बातमी म्हणूनच अर्धी आहे. पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या चमूने पेशी घडवल्या खऱ्या. पण टाटाचे गौरव नरुला आणि हसमुख जैन यांच्यासारखे डॉक्टर नसते, तर त्या प्रयोगशाळेतच राहिल्या असत्या. उपचार कुणाला द्यायचा, किती पेशी द्यायच्या, ताप चढला तर काय करायचं, हे रुग्णाच्या खाटेपाशीच ठरतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचं मार्गदर्शन मिळालं, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने पैसा दिला, ‘इम्युनोॲक्ट’ या कंपनीने उत्पादन हाती घेतलं. ऑक्टोबर 2023मध्ये औषध नियंत्रकांनी या उपचाराला ‘नेक्सकार19’ या नावाने मान्यता दिली. ‘हा उपचार गुण देतो’ हे वाक्य इतक्या हातांतून गेल्यावर सिद्ध झालं. माझ्या मते त्याने ते कमकुवत होत नाही, उलट भक्कम होतं.

किंमतही या साखळीनेच ठरवली. महागडा विषाणूवाहक विकत न घेता इथेच बनवला, म्हणून अमेरिकेत तीन-चार कोटींच्या घरात जाणारा उपचार इथे सुमारे 40 लाखांवर आला.

पण 40 लाख म्हणजे कित्येक घरांना जमीन विकूनही न जमणारी रक्कम. शिवाय पेशी वेगळ्या काढणारं यंत्र, अतिदक्षता विभाग आणि तयार परिचारिका जिथे नाहीत, तिथे औषध पोहोचूनही उपयोग नाही. सरकारने आता विमा योजना आणि जिल्ह्यांतली मोठी रुग्णालयं या साखळीत ओवावीत. पवईतलं काम बीड-गडचिरोलीच्या रुग्णाच्या कामी येण्याचा दुसरा मार्ग नाही.