पंचावन्न म्हणजे नापास नव्हे!

परवा दुपारी शेजारच्या वहिनी चेहरा पाडून आल्या. त्यांची लेक न्यू जर्सीला असते, नातू तिकडे सातवीत. तिथल्या खाजगी शाळेत घालायचं म्हणून त्यानं एसएसएटी नावाची प्रवेश-परीक्षा दिली होती. "पंचावन्न आले हो! आमच्या घरात साठाच्या खाली कुणी उतरलं नाही." फोनवर त्या नातवाला "एवढेच?" म्हणून बसल्या होत्या, आणि तेव्हापासून पोरगं फोनवर यायचंच बंद झालं होतं.

मैत्रिणींनो, वहिनींची चूक तुमच्या-माझ्याही हातून होईल. ते पंचावन्न टक्के नव्हतेच. तो होता पर्सेंटाइल. शंभर मुलं गुणांप्रमाणे रांगेत उभी केली, तर त्यातल्या पंचावन्नांना आपल्या मुलाइतके किंवा त्याहून कमी गुण आहेत, एवढाच त्याचा अर्थ. बाळाचं वजन पन्नासाव्या पर्सेंटाइलवर आहे असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा बाळ अर्धंच भरलं असं आपण थोडंच समजलो होतो?

आता ही रांग कुणाची, ते पाहा. मागल्या काही वर्षांत ही परीक्षा दिलेल्या, त्याच इयत्तेतल्या मुलांची! म्हणजे खाजगी शाळेसाठी तयारी करून आलेली, बहुतेक हुशारच. सगळ्या गावाच्या रांगेत जो बराच पुढे असता, तो इथे मधोमध दिसतो. शिवाय मधल्या भागात मुलांची दाटी असते. दोन-चार प्रश्न इकडचे तिकडे झाले, की आकडा एकदम घसरतो किंवा चढतो. पुढच्या खेपेला थोडा कमी आला, तर लगेच "अभ्यास केला नाहीस" म्हणू नये.

गुणांचंही तसंच. पाचवी ते सातवीच्या मुलांना एकूण गुण १३२० ते २१३० यांच्या दरम्यान मिळतात. तिथे शून्य नाहीच! चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापतात, कोरं सोडलं तर काही जात नाही. आयएसईई ही तिथली दुसरी परीक्षा. तीत पर्सेंटाइलबरोबर १ ते ९ असा एक आकडाही देतात. त्यातला ५ म्हणजे चाळीस ते एकोणसाठ पर्सेंटाइल. नवापैकी पाच म्हणून कपाळाला हात लावायचं कारण नाही. पास-नापास असं या परीक्षांत नसतंच. शाळा आपापलं ठरवतात, आणि वर्गातले गुण, शिक्षकांची पत्रं, मुलाखत हेही बघतात.

आपल्याकडच्या सीईटी नि जेईईतही हाच घोळ होतो, पण उलट्या बाजूने. नव्याण्णव पर्सेंटाइल ऐकून आपण पेढे आणतो. पण दहा लाख मुलं बसली असली, तर त्याच्याही पुढे दहा हजार असतात!

मी वहिनींना म्हटलं, नुसता एकूण आकडा काय घेऊन बसलात, विषयवार मागवा. गणितात बहात्तर, शब्दज्ञानात छप्पन्न आणि वाचनात अडतीस निघाले. उतारे वाचायला पोराला वेळच पुरला नव्हता. रात्री त्यांनी पुन्हा फोन लावला, आधी स्वतःच "चुकलं रे माझं" म्हणाल्या. नातू बोलला, चांगला अर्धा तास.

आजोबांना मात्र अजून पटलेलं नाही. पंचावन्न म्हणजे पंचावन्नच, असं पेपरातून मान वर न करता म्हणतात.