मैदानातला दम आणि सिगारेटचं पाकीट

1935 साली अमेरिकेत कॅमल सिगारेटच्या जाहिराती झळकल्या. ही सिगारेट ओढून दम लागत नाही, असं त्यांत नामवंत खेळाडू सांगत. बेसबॉलचा लू गेहरिगही त्यांच्यात होता. सलग 2,130 सामने खेळण्याचा विक्रम पुढे ज्याच्या नावावर लागला, तो गडी सिगारेट ओढतो म्हटल्यावर वाचकाला आणखी कसला पुरावा हवा? इंग्लंडमध्ये फुटबॉलपटू स्टॅन्ली मॅथ्यूजने क्रेव्हन ए सिगारेटची जाहिरात केली. तो स्वतः मात्र ओढत नव्हता!

हा पुरावा इतकी वर्षं खपला, कारण खेळाडूचं शरीर सुरुवातीला कंपनीच्याच बाजूने साक्ष देतं. निरोगी माणसाची फुफ्फुसं गरजेपेक्षा ऐसपैस असतात. जीव तोडून पळतानाही बहुधा आधी हृदय कमी पडतं, फुफ्फुसं नव्हे. म्हणून पंचविशीतल्या खेळाडूला जोराने फुंकायला लावून पहिल्या सेकंदाची हवा मोजली, तर आकडा अनेकदा ठीकठाकच येतो. नुकसान आधी रक्तात होतं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरून बसतो. रोज पाकीटभर ओढणाऱ्याचं सुमारे 5 टक्के हिमोग्लोबिन, कधी त्याहून जास्त, असं अडकलेलं असतं. जे उरतं तेही स्नायूंना ऑक्सिजन सहज सोडत नाही. बसल्या जागी हा वायू निम्मा व्हायलाच चार-पाच तास लागतात. मध्यंतरात झुरके मारून पुन्हा मैदानात उतरणारा खेळाडू ही उधारी अंगावर घेऊनच पळत असतो. तरीही तो गोल करतो, आणि लोक म्हणतात, बघा, काही बिघडत नाही. न ओढता तो किती पळाला असता, हे मोजायचं कुणाच्या मनात येत नाही.

मोजलं ते डॉक्टर केनेथ कूपर यांनी. अमेरिकी हवाई दलातल्या जवानांना 12 मिनिटं पळवून 1968 साली त्यांनी दाखवलं, की जितक्या सिगारेटी जास्त तितकं अंतर कमी. पुढे 1977 मध्ये संशोधक फ्लेचर आणि पीटो यांनी लंडनच्या कामगारांच्या तपासण्यांवरून दुसरा हिशेब मांडला. वयाबरोबर श्वासाची ताकद सगळ्यांचीच घटते. ज्यांना धूर सोसत नाही अशा ओढणाऱ्यांची फार वेगाने. सिगारेट सोडली की वेग आटोक्यात येतो, पण गेलेलं फारसं परत मिळत नाही.

खेळाडूंची बिलं आली ती निवृत्तीनंतर. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये चार सुवर्णपदकं जिंकणारे धावपटू जेसी ओवेन्स पुढे अनेक वर्षं सिगारेट ओढत राहिले. 1980 मध्ये 66 व्या वर्षी फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले. डच फुटबॉलपटू योहान क्रायफ तर ऐन उमेदीच्या काळातही ओढत. 1991 मध्ये बार्सिलोनाचे प्रशिक्षक असताना त्यांची बायपास झाली. सिगारेट सुटली, तोंडात लॉलीपॉप आला. नंतरच्या कॅटलान सरकारच्या जाहिरातीत ते सिगारेटचं पाकीट चेंडूसारखं पायावर झेलतात आणि लाथेने उडवून देतात. कॅमलच्या जाहिरातींना इतकं चोख उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं मला तरी आठवत नाही. पण 2015 मध्ये फुफ्फुसाचा कर्करोग निघाला आणि मार्च 2016 मध्ये ते गेले.

आपल्याकडे मामला फुफ्फुसांचा कमी, छातीवरच्या नावाचा जास्त. 1996 चा क्रिकेट विश्वचषकच विल्स सिगारेटच्या नावाने झाला, भारतीय संघाच्या शर्टावरही तेच नाव दिसे. तंबाखूची जाहिरात करणार नाही, असा शब्द सचिन तेंडुलकरने वडिलांना दिला होता आणि स्वतःपुरता तो पाळलाही. संघाचा शर्ट मात्र क्रिकेट मंडळाचा! 2001 मध्ये विल्स बनवणाऱ्या आयटीसीने प्रायोजकत्व सोडलं आणि 2003 च्या तंबाखूविरोधी कायद्याने तो रस्ताच बंद केला.

आता तर वारं उलटं फिरलंय. 2024 मध्ये जपानच्या महिला जिम्नॅस्टिक्स संघाची 19 वर्षांची कर्णधार शोको मियाता हिला पॅरिस ऑलिंपिकआधी माघार घ्यावी लागली. तिने सिगारेट ओढली होती, मद्यही घेतलं होतं. तिथे दोन्हींना विसाव्या वर्षापर्यंत मनाई आहे. ऐन तोंडावर आलेलं ऑलिंपिक हिरावण्याची शिक्षा मला जबर वाटली. तिच्या फ्लोअरच्या दीड मिनिटात दमसासाचा किती फरक पडला असता, हा प्रश्न त्या चर्चेत जवळपास आलाच नाही.