शेजारचें बांधकाम आणि आपली हद्द

चार महिने मुलाकडे परगांवीं राहून एखादें वृद्ध दांपत्य घरीं परत येतें, मागील दार उघडतें, आणि अंगणांत तुळशीवृंदावनापासून दोन हातांवर नवा चर खणलेला दिसतो. शेजारचें जुनें कौलारू घर पाडलेलें असतें. तेथें तीन मजली इमारत उठावयाची असते. कुंपणाची तार मजुरांनीं सोयीसाठीं काढून गुंडाळून ठेवलेली असते. “फक्कीची रेघ मारली आहे तेथपर्यंत मालकांची जागा,” असें मुकादम सांगतो. यापुढें जें घडतें तें बहुतेक पेठांतून आणि उपनगरांतून सारखेंच घडतें. आवाज चढतात, तीस वर्षांची वाटीभर साखरेची देवघेव बंद पडते, आणि पंधरवड्याच्या आंत जोतें वर येतें. भांडण होतें, पण काम थांबत नाहीं. काम थांबविण्यास हद्द कोठें आहे याचें उत्तर हातांत असावें लागतें, आणि नेमकें तेंच त्या वेळीं दोघांपैकीं एकालाहि ठाऊक नसतें.

कुंपण म्हणजे हद्द ही समजूत फार पसरलेली आहे. वस्तुतः कुंपण हें कोणीतरी कधींतरी सोयीनें घातलेलें असतें. मेंदी चांगली वाढली तेथें हातभर आंत, खडक लागला तेथें हातभर बाहेर. मनुष्याचा हा स्वभाव जुन्या शास्त्रकारांनीं पुरता ओळखला होता. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सीमेवर वड-पिंपळासारखे दीर्घायुषी वृक्ष असावे असें सांगून, शिवाय जमिनीच्या पोटांत दगड, हाडें, कोळसे, खापऱ्या अशा लवकर नष्ट न होणाऱ्या वस्तु पुरून ठेवण्यास सांगितलें आहे. वरची खूण हलवितां येते, पुरलेली खूण सहसा हलत नाहीं. कौटिल्यानें तर दोन घरांमध्यें किती अंतर ठेवावें व पाणी कोठें जावें याचेहि नियम दिले आहेत. म्हणजे हा तंटा कांहीं आजचा नव्हे.

आजची पुरलेली खूण म्हणजे सरकारी नकाशा. मुंबई इलाख्यांत १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यांत गोल्डस्मिड व विंगेट यांनीं जी जमीनमोजणी हातीं घेतली, तिची परंपरा आजच्या भूमि अभिलेख खात्यापर्यंत येऊन पोचते. ज्या शहरांत नगर भूमापन झालें आहे तेथें प्रत्येक मिळकतीस क्रमांक, नकाशा आणि मिळकत पत्रिका असते; जेथें तें झालेलें नाहीं तेथें सात-बारा आणि गट अथवा सर्व्हे नंबरचा नकाशा पाहावा लागतो. खरेदीखतांत चतुःसीमा लिहिलेली असते खरी, पण “पूर्वेस अमक्याचें घर” एवढ्यानें फुटा-इंचाचा वाद मिटत नाहीं. खतांतील क्षेत्र, पत्रिकेवरील क्षेत्र आणि जागेवरील क्षेत्र हीं तिन्ही पुष्कळदां एकमेकांशीं जुळत नाहींत. आणि हें घर घेतांना कोणी पाहत नाहीं, शेजाऱ्याचा चर पडला म्हणजे पाहतात. साठ फूट लांबीच्या आवारांत दीड फुटाची पट्टी गेली तर नव्वद चौरस फूट जागा गेली. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. तेव्हां ही पट्टी गुंठ्याचा जवळजवळ बारावा हिस्सा झाला. दीड फूट ऐकावयास लहान, मोजावयास लहान नाहीं.

म्हणून पहिलें काम मोजणीचें. भूमि अभिलेख खात्याच्या तालुका कार्यालयांत किंवा नगर भूमापन कार्यालयांत हद्दकायम मोजणीसाठीं अर्ज करावा, फी भरावी. लगतच्या धारकांना नोटिसा जातात, ठरल्या दिवशीं भूमापक येतो, खुणा दाखवितो आणि नकाशाची प्रत देतो. पूर्वीं ३३ फुटांची साखळी ओढीत, आतां उपग्रहांच्या संकेतांवर चालणारीं यंत्रें आलीं आहेत. पण नोटीस मिळूनहि घरीं बसून राहणारा शेजारी मात्र पूर्वींप्रमाणेंच आहे. त्या दिवशीं दोन्ही पक्षांनीं जातीनें हजर राहावें. मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठांकडून फेरमोजणी मागतां येते. तिला निमताणा मोजणी म्हणतात. आणि एक गोष्ट मनाची तयारी करूनच हा अर्ज द्यावा: मोजणी उलटहि जाऊं शकते. आजोबांनीं घातलेली आवारभिंत शेजाऱ्याच्याच जमिनींत नऊ इंच आहे असें निघालेलीं उदाहरणें थोडीं नाहींत.

मोजणीचा निकाल येईपर्यंत काम स्वस्थ बसत नाहीं. तेवढ्या अवधींत रोजच्या रोज छायाचित्रें घ्यावीं, त्यांत एखादी न हलणारी वस्तु, विहिरीचा कठडा किंवा विजेचा खांब, दिसेल असें पाहावें. शेजाऱ्यास आधीं तोंडीं सांगावें. त्याच दिवशीं पत्र लिहून पोचपावती मिळेल अशा टपालानें पाठवावें. पत्रांत शिव्याशाप नकोत. कोणत्या तारखेस, कोठें, किती फूट जागेवर हरकत आहे, मोजणीचा अर्ज कोणत्या तारखेस केला आहे, आणि ती होईपर्यंत त्या बाजूचें काम थांबवावें, इतकेंच असावें. पुढें न्यायालयांत या साध्या पत्राला जें वजन येतें तें दहा साक्षीदारांच्या रागाला येत नाहीं.

येथें अतिक्रमणाचे प्रकार वेगळे केल्याखेरीज पुढचा मार्ग दिसत नाहीं. भिंत आपल्या जागेंत आली, पायाचा पसारा जमिनीखालून आपल्या बाजूस आला, सज्जा किंवा छज्जा वरून आपल्या अंगणावर लोंबला, पागोळ्या आपल्या ओट्यावर पडूं लागल्या, हे सारे जागेच्या मालकीवरील आघात आहेत. भिंत शेजाऱ्याच्याच जागेंत आहे, पण नियमाप्रमाणें सोडावयाचें अंतर त्यानें सोडलें नाहीं, तर तो नगररचनेच्या नियमांचा भंग होय. तेथें दार ठोठवावयाचें तें नगरपालिकेचें. मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वयें मागतां येते. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यानें विनापरवाना किंवा परवान्याबाहेरचें काम थांबविण्याचा व पाडावयास लावण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणास दिला आहे. मात्र जागा कोणाची, हा प्रश्न नगरपालिका सोडवीत नाहीं. बांधकामाचा परवाना मिळाला म्हणजे जमीन मिळाली असें नव्हे. पोलिसांचेंहि तेंच, मारामारी व घुसखोरी ते रोखतील, हद्द ठरवून देणार नाहींत.

नव्या भिंतींत आपल्या अंगणाकडे खिडकी उघडली, एवढ्यानें जागेवर अतिक्रमण होत नाहीं. ती पालिकेच्या नियमांत बसते कीं नाहीं हा वेगळा प्रश्न. पण १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणें, एखाद्या इमारतीस वीस वर्षें शांतपणें व अखंड उजेड-वारा मिळत राहिला तर तो तिचा हक्क बनतो. म्हणजे आज उघडलेली खिडकी वीस वर्षांनीं आपल्याच नातवाला मजला चढवितांना आड येऊं शकते. आणि उलट, आपल्या माजघराला पन्नास वर्षें मिळालेला उजेड शेजाऱ्याची इमारत सर्वस्वी बंद करीत असेल तर आपल्यालाहि तोच कायदा उपयोगी पडतो.

खोदाईचा प्रकार सर्वांत अधिक दुर्लक्षिला जातो, व सर्वांत अधिक नुकसान करतो. प्रत्येक जमिनीला लगतच्या जमिनीचा आधार मिळण्याचा नैसर्गिक हक्क त्याच कायद्यानें मानला आहे. पण तो जमिनीच्या नैसर्गिक स्थितीपुरता. तिच्यावर घर बांधून भार वाढविला असेल तर त्या घरासाठीं आधाराचा हक्क वीस वर्षांच्या उपभोगानें मिळवावा लागतो. जुन्या घरांना तो बहुधा मिळालेला असतो. देशावरची काळी माती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत आकसते. अशा मातींत आवारभिंतीला खेटून दहा फूट खड्डा खणून तो पावसाळाभर उघडा ठेवला तर भिंत कलणारच. म्हणून खोदाई सुरू होण्यापूर्वींच अभियंत्याकडून घराची पाहणी करून, असलेल्या भेगांची लेखी नोंद करून घ्यावी. भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहिण्याची जुनी युक्ति अजून तितकीच उपयोगाची आहे. भेग वाढली कीं काच तडकते, आणि ही भेग आधींचीच होती असें म्हणण्यास कोणास वाव राहत नाहीं.

इतकेंहि करून काम चालूच राहिलें तर दिवाणी न्यायालयाखेरीज गत्यंतर नाहीं. तेथें प्रथम तात्पुरत्या मनाईचा अर्ज होतो. न्यायालय मोजणीसाठीं आयुक्त नेमूं शकतें. आणि झालेलें बांधकाम काढून टाकण्याचा हुकूमहि देऊं शकतें. परंतु असा हुकूम देणें न देणें न्यायालयाच्या विवेकावर आहे. जोतें उठतांना जो आला त्याची गोष्ट वेगळी. तीन मजले चढून गृहप्रवेशाचें जेवण झाल्यावर जो आला त्याला न्यायालय विचारणार कीं, इतके दिवस कोठें होतां? अशा वेळीं पाडण्याऐवजीं पैशाची भरपाई पदरांत पडण्याचा संभव असतो. ताबा कोणी परस्पर हिसकावून घेतला असेल तर १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यानें एक सोपी वाट ठेवली आहे: सहा महिन्यांच्या आंत दावा केल्यास मालकी सिद्ध न करतांहि ताबा परत मागतां येतो.

बारा वर्षांची मुदत मात्र अनेक सज्जनांना फार महाग पडते. मालकीच्या आधारें ताबा मागण्यास कायद्यानें तेवढीच मुदत दिली आहे. नुसता काळ गेला म्हणून शेजारी मालक होत नाहीं. त्याचा ताबा उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काला विरोध करणारा असावा लागतो. पण तसा तो ठरला तर मालकाचा हक्क जातो, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं असेंहि ठरविलें कीं असा ताबेदार स्वतः वादी होऊनहि न्याय मागूं शकतो. “राहूं दे, शेजारीच आहेत,” असें म्हणावयाचें असेल तर तें कागदावर म्हणावें, म्हणजे ताबा परवानगीचा ठरतो, विरोधाचा ठरत नाहीं. पण येथेंहि एक खोंच आहे. परवानगीवर विसंबून शेजाऱ्यानें खर्च करून कायमचें बांधकाम केलें, तर ती परवानगी सामान्यतः परत घेतां येत नाहीं. कुंड्या ठेवूं देणें वेगळें आणि भिंत बांधूं देणें वेगळें. “बांधा कीं” हे दोन शब्द चहा पितांना सहज तोंडून जातात.

रात्रींतून दोन माणसें लावून भिंत पाडणें हा उपाय अजून कोठें कोठें ऐकूं येतो. त्यानें एवढेंच होतें कीं तक्रारदाराचा आरोपी होतो.

पुष्कळ ठिकाणीं याहून बरा मार्ग असतो. पट्टी लहान असेल, भिंत पाडल्यानें शेजाऱ्याचें घर मोडणार असेल आणि आपलें अंगण तेवढ्यावांचून चालणार असेल, तर रीतसर मोबदला घेऊन ती पट्टी विकतां येते, किंवा दुसऱ्या बाजूची पट्टी अदलाबदलीनें घेतां येते. मात्र नगररचनेचे नियम पाहून, नोंदणीकृत दस्तानें, आणि मिळकत पत्रिकेवर फेरफार नोंदवूनच तें करावें. नाहींतर आजची तडजोड पुढील पिढीचा दावा होते. दावा चालू असला तरी लोकअदालतींत समेट होऊं शकतो. तेथील निवाड्याला हुकूमनाम्याचें बळ असतें, त्यावर अपील नसतें, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. पागोळ्यांसारख्या तक्रारींना तर इतकेंहि लागत नाहीं. शेजाऱ्यानें स्वतःच्या खर्चानें पन्हळ लावून पाणी आपल्या बाजूस उतरवून घेतलें कीं पुढचा पावसाळा दोन्ही घरांचा कोरडा जातो.