नीडलचा आकडा उसना घेऊ नका

रिमोटवर चालणारी नायट्रो गाडी नव्याने घेतलेल्या मुलाचा पहिला प्रश्न इंधन कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूबद्दल, म्हणजे नीडलबद्दल, ठरलेला असतो : ‘नीडल किती आटे उघडी ठेवू?’ जाणकार आकडा सांगतो, मुलगा तो तसाच लावतो आणि इंजिन एकतर धूर ओकत रखडतं, नाहीतर तापून बंद पडतं. सांगणाऱ्याचं काही चुकलेलं नसतं. तो आकडा त्याच्या इंजिनाचा आणि त्याच्या गावच्या हवेचा असतो.

या इंजिनाचं इंधन म्हणजे मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणाचं तेल. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला साधारण साडेसहा किलो आणि नायट्रोमिथेनला जेमतेम १.७; कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. ठिणगीचा प्लग इथे नसतो. अमेरिकेतल्या रे आर्डेन यांनी १९४७ साली बाजारात आणलेला ग्लो प्लग असतो. सुरू करताना त्याची तार बॅटरीने तापवायची. पुढे दाबाची उष्णता आणि तारेतल्या प्लॅटिनमवर होणारी मिथेनॉलची अभिक्रिया तिला धगधगती ठेवते.

नीडल फक्त इंधन मोजते. हवा मिळेल तशी घ्यावी लागते. उदाहरणार्थ, वसई-विरार समुद्रसपाटीला, खाडी आणि समुद्राच्या शेजारी. मे महिन्यातल्या दुपारी हवा तापून विरळ होते, शिवाय बाष्प ऑक्सिजनची जागा अडवतं. जानेवारीतल्या पहाटे त्याच आकारमानाच्या हवेत ढोबळ हिशेबाने ७-८ टक्के जास्त ऑक्सिजन असतो. म्हणून मे महिन्यात नीट चालणारं इंजिन थंडीत इंधनाला उपाशी राहून तापतं. पुणं साडेपाचशे मीटर उंचीवर. तिथलं सेटिंग वसईत आणलं तरी हाच धोका.

त्यामुळे बिघाड शोधताना नीडलला हात शेवटी लावायचा. आधी प्लग काढून बॅटरीला जोडा. तार सगळीकडे सारखी नारिंगी दिसली पाहिजे. मग इंधन पाहा. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात झाकण सैल राहिलेला डबा संशयास्पद समजावा. तिसरी तपासणी नळ्यांची आणि टाकीच्या झाकणाची. बारीक चिरेतून हवा शिरली तर इंजिनाचा वेग आपोआप चढतो-उतरतो. एवढं झाल्यावर नीडल, तीही एका वेळी आट्याचा आठवा भाग.

इंजिन गरम झाल्यावर त्याच्या डोक्यावर पाण्याचा थेंब टाका. तो तत्क्षणी उडाला तर इंजिन फार तापलंय, नीडल थोडी उघडा. तीन-चार सेकंदांत चुरचुरत आटला तर ठीक. भरधाव गाडीमागे धुराची बारीक रेघ दिसायलाच हवी. ती गेली की सिलिंडरला तेलही कमी पोचतंय.

मिथेनॉल विषारी आहे. ते त्वचेतूनही शरीरात जातं, डोळे घालवतं, आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. हातमोजे हवेत आणि जागा मोकळी हवी.

मदत मागताना इंधनातलं नायट्रोचं प्रमाण, त्या वेळचं तापमान, धूर आहे की नाही, इंजिन थंड असताना बंद पडतं की तापल्यावर, आणि आतापर्यंत काय तपासलं, हे सांगा. अशी नोंदवही ठेवणाऱ्या नवशिक्याने सल्ला द्यायला संकोचू नये. नालासोपाऱ्यातल्या जुलैच्या दमट दुपारी आपलं इंजिन कसं वागलं हे त्याने लिहून ठेवलेलं असेल, तर विरारच्या मुलाला ते दूरच्या तज्ज्ञाच्या आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.